ज्यांच्या पैशावर मी शिकले

बाईसाहेबांनी माझ्या ड्रेसचा घेर दोन बोटांत धरून वर उचलला आणि माइकसमोर वाचायला सुरुवात केली.

“अय्या, हे काय छापलंय इथे? बघू, बघू.” त्यांनी गिरणीचं नाव वाचलं. त्याच्यापुढचं ‘रंग पक्का’ वाचलं. मग पुन्हा गिरणीचं नाव, कारण कापडाच्या काठावर ते परत परत छापलेलं असतं. “अगं, गिरणी बंद पडली तरी तुझी जाहिरात चालूच का?”

माणसं हसली. मुलुंडच्या एका सोसायटीचं आवार. पंधरा ऑगस्टची सकाळ. खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे. मुलं हसली, त्यांच्या आया हसल्या, पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ हसता हसता खोकायला लागले. माझा घेर अजून बाईसाहेबांच्या बोटांत होता. मी तो सोडवून घेतला नाही. शाळेत कवायतीला उभं राहतात तशी हात सरळ ठेवून उभी राहिले.

गेटजवळ माझे बाबा उभे होते. खाकी शर्ट, गळ्यात शिटी. त्या सोसायटीचे ते वॉचमन. त्यांनी मान खाली घातली. ते मी पाहिलं.

ही गोष्ट सांगायचा मला आता कंटाळा येतो. सांगितली की लोक म्हणतात, “एवढंच ना? मारलं तर नाही ना कुणी?” नाही. मारलं नाही. समोसे पण मिळणार होते नंतर.

तो शिक्का माझ्या ड्रेसवर कसा आला, ते आधी सांगते. चूक म्हणायची तर बाबांची, आणि त्यांना ती चूक वाटलीच नव्हती.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. विणकर. कोकणातून पोरवयात आले ते थेट साच्यासमोर उभे राहिले. वाचायला फारसं येत नव्हतं. वर्तमानपत्र हातात घेतलं तर चित्रं बघून ठेवून द्यायचे. पण कापडाचा काठ वाचायचे. दुकानात गेलो की ताग्याचं कापड उलगडायला लावायचे, काठ सापडेपर्यंत. मग त्यावरून अंगठा फिरवायचे, एकेक अक्षर लावायचे. आमच्या गिरणीचं असेल तर चेहरा खुलायचा. शेजारच्या गिरणीचं असेल तरी चालायचं. काठ कोरा असला, किंवा काठावर परदेशी अक्षरं असली, की कापड घडी करून परत. घाटकोपरचा दुकानदार वैतागायचा. “अरे काका, कपडा लेना है की पढना है?” बाबा म्हणायचे, “दोनो.”

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो. अजून तिथेच आहोत. एकदा एक बाई गाठोडं घेऊन वर आली. फॉरेनच्या, जकात चुकवून आणलेल्या नायलॉनच्या साड्या. गुळगुळीत, धुतल्या की क्षणात वाळणाऱ्या, स्वस्त. आईचा हात त्यावरून निघेना. आमच्या खोलीत कपडे वाळवायला जागा नाही, पावसाळ्यात सुती साडी पाच माणसांच्या डोक्यावर ओली लोंबते. तिला ती साडी हवीच होती. बाबा म्हणाले, “ता कापड आपला नाय.”

आई म्हणाली, “आणि गिरण तुमची? दारातसून हाकलल्यान ना तुमका?”

तेव्हा मोठा संप होऊन गेला होता. गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं होतं. तरी आईने मग साडी घेतली नाही. पण त्या दिवशी तिने भांडी फार जोरात घासली.

संपानंतर बाबांना कुणी उभं करेना. कुणाच्या तरी ओळखीने मुलुंडला वॉचमनची नोकरी मिळाली. गाड्यांना गेट उघडायचं, पंप चालू करायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करायचा. त्यांचा चहाचा ग्लास पंपाच्या खोलीत ठेवलेला असायचा, वेगळा. लिफ्ट वॉचमनसाठी नव्हती. बाबा घरी आले की म्हणायचे, “काम हलका हा.” आणि पायाला तेल चोळत बसायचे.

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकले. मग अनुदानाच्या कॉलेजात बारावी. मार्क चांगले पडले. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. आमच्या डोंगरावरून तिथे जाणारी मी पहिलीच. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरी साहेबांना गाडीचं दार उघडताना ते सांगून टाकलं. तिथेच सगळं सुरू झालं.

सेक्रेटरी साहेब मोठ्या कंपनीत अधिकारी. त्यांचा मुलगा त्याच सरकारी कॉलेजातून त्या वर्षी इंजिनिअर होऊन बाहेर पडला होता. आता अमेरिकेला निघाला होता. साहेब बाबांना म्हणाले, “पंधरा ऑगस्टला तुझ्या मुलीचा सत्कार करू. ड्रॉइंग बोर्ड आणि ड्राफ्टर देऊ. गरजू आणि होतकरू मुलगी म्हणून.”

ड्रॉइंग बोर्ड ही साधी फळी नाही. पहिल्या वर्षी बोर्ड आणि त्यावर रेघा मारायचा ड्राफ्टर नसेल तर ड्रॉइंगच्या वर्गात बसूच देत नाहीत. बाबांचा पगार वॉचमनचा. आमच्याकडे बोर्ड येणार कुठून? तेव्हा माझं शिक्षण त्या फळीवर अडलं होतं, आणि घरातली चूल बाबांच्या नोकरीवर. दोन्ही सेक्रेटरींच्या हातात. हे मला कळत होतं. मी काही दुधखुळी नव्हते.

म्हणून आदल्या दिवशी साहेबांच्या बायकोने, बाईसाहेबांनी, घरी बोलावलं तेव्हा मी गेले. जिने चढून गेले. बाईसाहेबांनी बसायला सांगितलं नाही, पण घर दाखवलं. रेडिओ-टेपचा टू-इन-वन, अत्तराच्या बाटल्या, काचेचे ग्लास, मिक्सर. “हे सगळं बाहेरचं हं. दुबईहून मागवतो आम्ही, कस्टमला चुकवून. इथलं काही टिकतच नाही बाई.” मग त्यांनी मला भाषण शिकवलं. माइकवर म्हणायचं, “आपणा सर्वांच्या उपकारांमुळे माझ्यासारखी गरीब मुलगी शिकू शकते. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.” मग वाकून नमस्कार करायचा, आधी साहेबांना.

“म्हणून दाखव.”

मी म्हणून दाखवलं.

“जरा हसून म्हण. रडकी नको दिसायला.”

मी हसून म्हणून दाखवलं.

मी तयार होते, हे कुणी विसरू नये. मी त्या सकाळी बंड करायला गेले नव्हते. बोर्ड आणायला गेले होते.

घरी आले तर बाबांनी नवा ड्रेस आणून ठेवलेला. संपाआधी गिरणीच्या दुकानातून कामगारांच्या भावात घेतलेलं कापड त्यांनी ट्रंकेत जपलं होतं. माझ्या लग्नासाठी, असं आई म्हणायची. ते वस्तीतल्या टेलरकडून शिवून आणलं होतं. टेलर काठ कापणार होता. बाबा म्हणाले, “शिक्को कापू नको. खाली घेराक येऊ दी.” टेलरलाही बरंच, दुमड घालायचं काम वाचलं. त्याने कापड आडवं धरून बेतलं आणि काठ बरोबर घेराला आणला. निळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत गिरणीचं नाव. मी ते पाहिलं. मनात आलं, बाबांना सांगावं की लोक हसतील. पण बाबा तो घेर हातात धरून बघत होते. ते कापड कदाचित त्यांच्याच साच्यावरचं. मी नाही सांगितलं.

सकाळी झेंडावंदन झालं. झेंड्याची गाठ बाबांनी मारली होती, विणकराची, ओढली की सुटणारी. फुलं पडली. टाळ्या वाजल्या. बाबा परत गेटवर गेले.

आधी सेक्रेटरींच्या मुलाचा सत्कार. हार, शाल, नारळ. साहेब माइकवर म्हणाले, “आमचे चिरंजीव परवा अमेरिकेला निघालेत. तिकडेच स्थायिक व्हायचा विचार आहे. देशाचं नाव काढतील.” त्याला कुणी भाषण करायला लावलं नाही. कुणाचे आभार मानायलाही सांगितलं नाही. तो हसला, हात जोडले, बसला. बाईसाहेबांनी डोळे पुसले. त्यांच्या अंगावर जपानी जॉर्जेट होती, स्वातंत्र्यदिनाला शोभेल अशी पांढरी.

मग माझी पाळी. साहेब बोलायला लागले.

“सरकार या गरीब मुलांवर पाण्यासारखा पैसा ओततं. तो पैसा कुणाचा? तुमचा, माझा. टॅक्स भरणाऱ्यांचा. हिचे वडील आपले वॉचमन. गिरणीत होते. संप केला, देशाचं उत्पादन बुडवलं, स्वतःही बुडाले. तरी आपण ते मनात ठेवलं नाही. त्यांच्या मुलीला आपण शिकवतो आहोत. या मुलांनी हे उपकार विसरू नयेत, एवढीच अपेक्षा.”

टाळ्या.

मुलाने बोर्ड आणून माझ्या हातात दिला. नवा नव्हता. त्याचाच, वापरलेला, टाचण्यांच्या भोकांनी भरलेला. तो हळूच म्हणाला, “ड्राफ्टरचा स्क्रू लूज आहे, टाइट करून घे.” मुलगा वाईट नव्हता. खरंच सांगत होता.

तेवढ्यात बाईसाहेबांना तो काठ दिसला. पुढचं वर सांगितलंच आहे.

हसणं संपलं. बाईसाहेबांनी घेर सोडला. माझ्या पाठीवर हात ठेवला. “चल, बोल आता. काल शिकवलं तसं.”

माइक माझ्यासमोर. आणि मला, का कोण जाणे, आमच्या शाळेतल्या सावंतबाई आठवल्या. अर्थशास्त्र शिकवायच्या. एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, “घरी काडेपेटी कोण आणतं?” सगळ्यांनी हात वर केले. “साबण? चहापूड? कापड?” सगळ्यांचे हात वर. बाई म्हणाल्या, “मग तुम्ही सगळे सरकारला कर भरता. प्रत्येक वस्तूत तो आधीच घातलेला असतो. श्रीमंताच्या काडेपेटीत असतो तेवढाच तुमच्या. ही शाळा त्यातूनच चालते.” आम्ही खिदळलो. आम्ही आणि कर! एका मुलीने विचारलं, “मग बाई, शाळा आमची?” बाई म्हणाल्या, “मग कुणाची?” परीक्षेला तो प्रश्न आला होता, अप्रत्यक्ष कर म्हणजे काय. मी उत्तर लिहिलं, मार्क मिळाले, विसरून गेले.

त्या माइकसमोर ते उत्तर मला पहिल्यांदा समजलं.

माझे बाबा साच्यावर उभे राहून कापड काढत होते, त्या प्रत्येक वारावर सरकार कर घेत होतं. तेच कापड बाबा दुकानातून विकत घेत होते, तेव्हा परत कर भरत होते. आईने नायलॉनची साडी परत केली. ती चोरून आलेली साडी, तिच्यातून सरकारला दमडीही जात नव्हती. या आवारातली अत्तरं, टू-इन-वन, ही अंगावरची जॉर्जेट, हे सगळं तसंच चोरवाटेने आलेलं. आणि मुलगा शिकला सरकारी कॉलेजात. माझ्याइतक्याच नाममात्र फीमध्ये. म्हणजे त्याला कुणी शिकवलं? डोंगरावरच्या माणसांनी शिकवलं. माझ्या आईने शिकवलं, चूल पेटवता पेटवता. ती कधी माइकवर बोलली नाही. त्याला तिने कधी वाकायला लावलं नाही.

मला राग आला. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि बाईसाहेबांना वाटलं मी भारावले. त्या हसल्या.

मी म्हणाले, “माझ्या शिक्षणाचे पैसे माझ्या आईबाबांनी भरलेत. काडेपेटीवर भरलेत, कापडावर भरलेत. तुमच्या मुलाचेपण त्यांनीच भरलेत. तो चालला. मी इथेच आहे. मी कुणाचे उपकार मानणार नाही.”

एवढंच बोलले. आवाज चिरकला होता. भाषण चांगलं झालं नाही.

बोर्ड खुर्चीवर ठेवला. ड्राफ्टर त्याच्यावर ठेवला. खाली उतरले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कुणी शिवी पण दिली नाही. एक बाई मुलांना म्हणाली, “चला, समोसे गार होतायत.” साहेब मागून म्हणाले, “बघा. म्हणून या लोकांचं भलं करू नये.”

गेटवर बाबा. त्यांनी छोटं दार उघडलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “घराक जा.” त्यांची ड्यूटी संध्याकाळपर्यंत होती. ते तिथेच उभे राहिले, त्याच माणसांच्या गाड्यांना सलाम करत. मला त्या दिवसातलं सगळ्यात जड जे वाटतं ते हे.

महिना भरला तेव्हा सोसायटीला एकदम तरुण वॉचमन हवासा वाटला. बाबांना घरी पाठवलं.

आईने मला फैलावर घेतलं. “तोंड गप ठेवूक काय झाला होता तुका? दोन शब्द बोलूचे, फळी उचलूची, घराक येवचा! आता खा तुझा कर!” ती माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. बाबा बोलले, पण उशिरा. डोंगरावर पाणी भरायला रांगेत उभे होतो. ते म्हणाले, “बोललंस ता खरा. पण नोकरी माझी होती गो. माका आधी इचारूक व्हया होता.”

मी म्हणाले, “विचारलं असतं तर नको म्हणाला असतात.”

“होय,” ते म्हणाले. “नको म्हटलं असतं.”

आमची बादली भरली. तो विषय परत निघाला नाही. कुणी शाबासकी दिली असं मी कुठेही लिहिणार नाही, कारण दिली नाही.

बाबांना साकीनाक्याला एका गाळ्यात काम मिळालं. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या बादल्यांचे काठ पात्याने तासायचे. पहिल्या आठवड्यात बोटं कापून घेतली. आता दुकानात गेलो की ते बादलीचा काठ चाचपून बघतात, आणि आई म्हणते, “झाला! आता बादल्यो वाचूक लागले.” असं हसणं आमच्या घरात परत यायला बराच काळ गेला.

बोर्ड मला कॉलेजनेच दिला. गरजू मुलांसाठी जुने बोर्ड ठेवलेले असतात, वर्षअखेर परत करायचे. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यासाठी सवलतीच्या खिडकीसमोर रांग लावायची. खिडकीतला क्लार्क मला बघून म्हणाला, “या, सरकारच्या सूनबाई!” रांगेतली मुलं हसली, आमच्यासारखीच सवलतीची मुलं. मी सही केली, बोर्ड घेतला, निघाले. रोज भांडायला अंगात जोर नसतो. सकाळी घरचं पाणी भरून, डोंगर उतरून यायचं, वर्ग करायचे, परत डोंगर चढायचा. मी थकलेली असायचे. मुलुंडला मी एकदा बोलले म्हणून जग सुधारलं नव्हतं. दर वर्षी तीच खिडकी, दर वर्षी नवा टोमणा.

पण रांगेत उभं राहून एक गोष्ट मला पक्की कळली. कॉलेज सगळ्यांनाच स्वस्त होतं. मुलुंडच्या, पार्ल्याच्या, गाडीतून येणाऱ्या मुलांनाही. त्यांच्या प्रत्येक तासाचे, प्रत्येक मशीनचे पैसे तिजोरीतूनच जात होते. ती मुलं मात्र कुठल्या रांगेत उभी नव्हती. गरजू आम्ही, उपकाराखाली आम्ही, सूनबाई आम्ही. त्यांच्या वाट्याचं अनुदान त्यांना कधी दिसलंच नाही. ती परदेशी गेल्यावर मागे कुणी बिल पण पाठवलं नाही.

शेवटच्या वर्षी माझ्या वर्गातली निम्मी मुलं परदेशी परीक्षांच्या तयारीत. एकाने विचारलं, “तू अप्लाय नाही केलंस? तुझे मार्क तर झकास आहेत यार.” मी नाही म्हणाले. त्याला वाटलं, पैसे नाहीत म्हणून. तेही खरं. पण पैसे असते तरी गेले नसते. देशभक्तीचं भाषण मला जमत नाही, पंधरा ऑगस्टला मी झेंडावंदनालाही जात नाही. हिशेब साधा आहे. ज्यांनी माझे पैसे भरले ती माणसं साकीनाक्याच्या गाळ्यांत आणि डोंगरावर आहेत. मी त्यांच्या कामाला आले नाही तर ते पैसे बुडाले.

आता भांडुपच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली आहे. पहिल्या पगारातून आईने साडी मागितली. वाळायला सोपी हवी म्हणाली. इथल्याच गिरणीची मिश्र धाग्याची मिळाली. ती नेसते, कुरकुरत.

पुढे माझ्या पगारातून कर कापला जाईल. कापू दे. काडेपेटीत जातो, साबणात जातो, तो जाऊ दे. चोरून आलेला माल माझ्या घरात येणार नाही, कितीही टिकाऊ असला तरी. त्या पैशातून कुठल्या तरी वस्तीतली एक मुलगी शिकेल. तिचं नाव मला कळणार नाही. कळायची गरज नाही. कुणीतरी तिला सांगेल की बाई, तुझ्यावर उपकार झालेत, जा, पाया पड. ती शोधत माझ्या दारात आली, आणि वाकायला लागली, तर ‘पैसे तुझ्याच आईबाबांनी भरलेत’ म्हणून मी तिला दारातूनच परत पाठवीन.